दुसऱ्याच्या झोपेतला सिनेमा

"या सिनेमाची प्रत्येक फ्रेम माझ्या डोक्यातून आली आहे," पहिल्या खेळाआधी दिग्दर्शक यशोधन बर्वे म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

तिकीट काढून बरोबर त्याच्या मागे बसलेल्या हेमलता पेडणेकरांनीही टाळ्या वाजवल्या. बाईंना झोप लागत नाही म्हणून त्यानेच आपल्या या जुन्या शिक्षिकेला एक टोप दिला होता. तो घालून झोपलं की पडलेली स्वप्नं बाईंच्या नकळत थेट त्याच्या यंत्रात उतरत आणि यंत्र त्यांचा सिनेमा करी. त्याच्या मंगळावरच्या गाजलेल्या सिनेमात बाईंना आपलंच स्वप्न दिसलं. त्या जाब विचारायला गेल्या, तर तो हसून म्हणाला, "स्वप्नाला साक्षीदार कोण, बाई?"

बाईंनी टोप परत केला नाही. उलट स्वप्नं ठळक पडावीत म्हणून महिनाभर रोज तिखटजाळ भरीत खाऊन त्या एकच गोष्ट मनात घोळवत झोपी गेल्या. यशोधन हल्ली आपला सिनेमा आधी बघायचीही तसदी घेत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पडद्यावर चंद्रावरची वसाहत दिसली. तिथला एक दिग्दर्शक झोपलेल्या म्हातारीच्या टोपातून स्वप्नं चोरत होता. चेहरा हुबेहूब यशोधनचा. प्रेक्षक आधी हसले, मग एकेक मान त्याच्याकडे वळू लागली.

घामाघूम होऊन तो मागे वळला. "बाई, सांगा ना यांना, ही गोष्ट माझी नाही म्हणून."

"मी कशाला सांगू?" बाई म्हणाल्या. "ऊठ, तूच सांग. आणि कोणाची आहे, तेही सांग."