हिरवी पट्टी

रेणुकाने चौथ्यांदा "हॅलो" म्हटलं आणि लॅपटॉपवरची हिरवी पट्टी चौथ्यांदा जागची हलली नाही. घड्याळात दहा चाळीस झाले होते. मुलाखत अकराला होती.

पुण्याच्या एका कंपनीला शेतकऱ्यांचे फोन घ्यायला माणसं हवी होती. मराठी, कानडी, हिंदी तिन्ही बोलणारी, आणि काम घरी बसून. जाहिरात वाचून रेणुकाला हसूच आलं होतं. सीमेवरच्या त्यांच्या कमलनगरात भाजीवालीसुद्धा तिन्ही भाषांत घासाघीस करते. त्याचा कुणी पगार देतं हे तिला ठाऊकच नव्हतं. लेखी परीक्षा तिने पहिल्या फटक्यात मारली. आता फक्त बोलायचं उरलं होतं. पण पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, आवाज नीट आला नाही तर मुलाखत रद्द, पुन्हा संधी नाही. सकाळपासून तिचे पाय जमिनीवर नव्हते, आणि ऐन वेळी हा माइक मुका.

शेजारच्या मोबाइलच्या दुकानातून धनराज धावत आला. गावातले निम्मे फोन त्याच्या हातून पुन्हा जिवंत झालेले, हेडसेटची काय बात. परका माणूस घरात, म्हणून मधलं दार सताड उघडं होतं. दारापलीकडे बाजेवर तिचे सासरे शिवशंकरप्पा पेपर वाचत बसले होते. अप्पांचा दरारा मोठा. ते घरात असले की पातेल्यावर झाकणसुद्धा जपून ठेवलं जाई.

धनराजने पिन काढली, पुसली, परत खोचली. माइकला परवानगी आहे का पाहिलं. होती. वायरवरचं बटण पाहिलं. चालू होतं. मग त्याने हेडसेट स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि "हॅलो" म्हणाला. पट्टी टोकापर्यंत उसळली. रेणुकाने आनंदाने तो जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि पदरावरून चढवला.

"हॅलो."

पट्टी ढिम्म.

पदर आड येत असेल म्हणून तिने तो कानामागे सारला. माइक ओठांना टेकवला. लॅपटॉप बंद करून चालू केला, त्यात पाच मिनिटं गेली. धनराज दुकानातून कोरा हेडसेट घेऊन आला आणि त्याचं पाकीट दातांनी फाडलं. पुन्हा तेच. "वहिनी, म्या बोललो की पळायलंय, तुमी बोललं की झोपायलंय," तो कपाळ पुसत म्हणाला. "कामून, ते कळंना."

तेवढ्यात बाहेर अप्पा खोकले. आणि पट्टी हलली. दोघांनीही पाहिलं. धनराजला वाटलं, वायर कुठेतरी सैल आहे, आणि तो ती पिळू लागला. अकराला सात मिनिटं उरली. रेणुकाचे डोळे भरून आले.

बाज कुरकुरली. अप्पा उठून आले. सुनेच्या खोलीचा उंबरा त्यांनी तीन वर्षांत ओलांडला नव्हता. आजही ते बाहेरच थांबले. रेणुका चटकन उभी राहिली आणि तिने पदर पुढे ओढला.

मघापासून त्या यंत्राला काय म्हणतेस, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. अप्पांनी कानामागे हात धरला. तिने परत सांगितलं. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या धनराजलाही ते अर्धंच ऐकू गेलं. त्याने वायर खाली ठेवली. बारीक आवाज लॅपटॉप गलका समजून गाळून टाकतो, हे त्याला आत्ता आठवलं.

"यंत्राला काई झालं न्हाई," अप्पा म्हणाले. "ह्या घरात आल्यापासून तू असंच बोलायलीस. आमाला ते बरं वाटायचं."

निंबर्ग्याला माहेरी रेणुकाच्या हाकेने नाल्यापलीकडचे बैल मान वळवत. सासरी निघताना आईने एकच सांगितलं होतं, अप्पांच्या कानावर आवाज पडू देऊ नकोस. ती धनराजकडे बघून काहीतरी पुटपुटली. धनराजने चाचरत ते अप्पांपर्यंत पोचवलं. अप्पा अर्धा तास चौकात बसून आले, तर वहिनींना बोलता येईल.

अप्पांनी दाराजवळच्या चपलांकडे पाहिलं. पायात काही घातल्या नाहीत.

"आज जाईन," ते म्हणाले. "नोकरी लागल्यावर रोज आठ तास कुठं जाऊन बसू? म्या हितंच हाय. माझ्यादेखत बोल, पोरी."

आणि त्यांनी बाज ओढून बरोबर दारासमोर आणली.

अकरा वाजले. पडद्यावर पुण्याच्या बाई आल्या. रेणुकाला भीती होतीच, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी घशाशी येऊन उभं राहिलं होतं, आणि ते तिला फार आवडलं. तिने छातीभर श्वास घेतला.

"नमस्कार मॅडम, मी रेणुका, कमलनगरहून बोलते."

पट्टी एका उडीत टोकाला गेली. रस्त्यावर उदगीरचे प्रवासी भरणारा जीपवाला ओरडायचा थांबला आणि वळून बघू लागला. धनराजने दोन्ही मुठी हवेत उडवल्या.

पुण्याच्या बाईंनी हसत आपला हेडसेट कानापासून जरा दूर धरला. आवाज खणखणीत येतोय म्हणाल्या, जरा कमी केलात तरी चालेल.

रेणुका ओशाळली. "हळू बोलू का, मॅडम?" तिने विचारलं.

उत्तर पुण्याहून यायच्या आधी दारातून आलं.

"कामून?" अप्पा म्हणाले.