पुसलेला गळा

दुरुस्तीवाल्या यूनुसभाईंनी फुगलेली बॅटरी जपून काढली आणि कुंदाच्या जुन्या प्लेअरला नवी जोडली. गाणं सुरू होताच ते चमकले. “हे तर साखळकरबुवांचं गाणं! मग आवाज बाईचा कसा?”

“माझा आहे,” कुंदा म्हणाली. “माझ्या या गुरूंनी नेटवर्कवरच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमधून मला पुसलं आणि स्वतःचा गळा भरला. हा प्लेअर तेवढा नेटवर्कला कधी जोडला नव्हता.”

त्याच संध्याकाळी बुवांच्या सत्कारात कुंदा थेट मंचावर चढली आणि तिने प्लेअर माइकसमोर धरला. सभागृहात बुवांचाच तरुण आवाज घुमला, “आता माझी शिष्या कुंदा स्वतःची रचना गाईल.”

बुवांनी हात जोडले. “बंद कर गं. लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत की,” म्हणत तिने आवाज वाढवला.