निरोगी रक्ताची भानगड

जोडारीणबाई आत आल्या आणि दोघांची तोंडं एकदम बंद झाली. प्रथिनवाला छताकडे बघू लागला. जनुकवालीने उठून स्वतःची खुर्ची पुढे केली. एरवी ती कुणाला पेनसुद्धा देत नसे.

"काय ते स्पष्ट बोला. रक्त माझं आहे."

ही यकृताच्या रोगांची प्रयोगशाळा. तो प्रथिनं मोजायचा, ती जनुकं वाचायची आणि दोघांची माहिती जोडून रोगाचं मूळ शोधायचं काम बाईंचं. म्हणून तर हे टोपणनाव. रोग्यांशी ताडून बघायला निरोगी माणसांचं रक्त हवं होतं, तेव्हा बाईंनी सगळ्यांत आधी हात पुढे केला. सुई बघून डोळे पांढरे करणाऱ्या नवऱ्यालाही ओढून आणलं. नमुन्यांवर नावं नाहीत, नुसते नंबर. पण पहिला नंबर बाईंचा, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"तुमचं एक प्रथिन वाढलंय," तो पुटपुटला. "यकृतात गाठ असली की वाढतं ते."

"आणि तुमच्या रक्तात दुसऱ्याच कुणाचे तरी जनुकांचे तुकडे सापडलेत," जनुकवालीने अहवाल पुढे सरकवला.

बाई मटकन बसल्या. महिनाभर थकवा होता, अन्नावरची वासना उडाली होती. पाळी चुकली, तेही चाळिशी उलटली म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. मूल व्हावं म्हणून दवाखान्यांचे उंबरे झिजवून झाले होते. आता कुठे दोघांचं निवांत चाललं होतं आणि हे असं.

पण सवय जाते कुठे!

"दोघांचे आकडे जोडून पाहिलेत का?"

सकाळपासून दोघांनी फक्त भीती वाटून घेतली होती.

"मग बघा. ते तुकडे कुणाशी जुळतात?"

जनुकवाली संगणकाला भिडली. थोड्या वेळाने तिने कपाळावर हात मारला. "अर्धे तुमच्याशीच जुळतात. आणि उरलेले अर्धे आपल्या सात नंबरच्या माणसाशी! नमुन्यांत भेसळ झालीय, बाई. सगळं पुन्हा करावं लागणार."

ते प्रथिन आणखी एका कारणाने वाढतं, हे आठवून बाईंनी बोटांवर दिवस मोजले. मग जे हसू फुटलं ते आवरेना. रुमालाने डोळे पुसत त्यांनी घरी फोन लावला.

"अहो सात नंबर, बाबा होणार आहात तुम्ही!"