मोकळा रस्ता

गुणवंतरावांनी विकायच्या दोन्ही मोटरसायकली चिंचेखाली उभ्या केल्या आणि किल्ल्या अकरमऐवजी निशातपुढे धरल्या. "भाभी, तुमीच पसंत करा. म्हंजे उद्या हा मले शिव्या नाई देनार."

लाल गाडी जुनी होती. दोन-चार किका खाल्ल्याशिवाय बोलायची नाही, आणि एकदा बोलायला लागली की फुटक्या डब्यासारखी. हिरवी उंच, जाड चाकांची. वनखात्याच्या लिलावातली. साहेबाच्या हातची गाडी, म्हणजे तेलपाणी वेळच्या वेळी, असं गुणवंतराव दोनदा म्हणाले.

मुरूमगावकडची बस बंद झाल्यापासून अकरम बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन ट्रकमधून बाजार करत होता. बाजारात बायांच्या तोंडाकडे तो बघत नसे. हात पुढे आला की त्या हातावरूनच नाव घ्यायचा. परतीचा ट्रक मिळाला तर मिळाला. गडचिरोलीत निशात अरीबाला भरवत बसायची आणि दारापुढून जाणाऱ्या प्रत्येक आवाजाला उठून बघायची.

"मले लालच बरी वाटते," अकरम म्हणाला. "हिरवीवर बसून गेलो तं बाया भाव नाई करनार. हातच जोडतील."

"गंमत करू नका. नाल्यात बंद पडली तर? अलीकडे ना पलीकडे. मी अरीबाला काय सांगू, अब्बांची गाडी दिसायला साधी होती म्हणून?"

निशातनं हिरवीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"एक चक्कर मारून ये," गुणवंतराव म्हणाले. "वळनाच्या पार जा. मंग बोल."

हिरवी पहिल्याच किकेला सुरू झाली. जड, भरदार आवाज. जमिनीतून पायात चढणारा. निशात अरीबाला कडेवर घेऊन धानोरा रस्त्याच्या कडेला आली. गाडी सरळ गेली, वळणाआड गेली, आवाजही विरला. तिला बरं वाटलं. ही गाडी कुठेच अडणार नाही.

तेवढ्यात पायवाटेवरून मोळीवाल्या बाया रस्त्यावर उतरल्या. चार-पाच जणी असतील. डोक्यावर सरपण, पायात घाई, तोंडानं बोलणं चालू. शहराकडे निघाल्या होत्या.

वळणापलीकडून आवाज आला. गाडी अजून दिसतही नव्हती.

बाया थांबल्या. एकीनंही मान वळवून पाहिलं नाही. मोळ्या धाडधाड खाली पडल्या आणि बाया सागाच्या रानात शिरल्या. कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाला काही सांगितलं नाही. मोठमोठी पानं हलली आणि स्थिर झाली.

मग अकरम वळणावरून आला. पडलेल्या मोळ्यांच्या बाजूनं तो तसाच पुढे आला, हँडलवर नजर लावून. गाडी स्टँडवर लावली, बंदही केली नाही.

"लोण्यासारखी आहे," तो म्हणाला. "तुझंच खरं. आन् रस्ता तं एकदम मोकळा."

"तुम्हाला कोणी दिसलं नाही?"

"कोन? चिटपाखरू नाई."

निशातनं हातानं मोळ्या दाखवल्या.

गुणवंतराव गाडीच्या सीटवरची धूळ झटकू लागले. "बाया हायेत, भाभी. सरपन आनतात, साहेबाच्या गाडीले भेतात. आवाज वयखीचा हाय ना. चार दिसात अकरमची होते आदत."

"बायांना होईल," निशात म्हणाली. "मुरूमगावच्या पुढे रानात जे बंदुका घेऊन या आवाजाची वाट पाहत बसतात, त्यांना?"

गुणवंतरावांचा हात सीटवरच थांबला. "हळू बोला," ते म्हणाले. "इथी असं नाई बोलत."

अकरम चालत मोळ्यांपाशी गेला. "बाई, मी आहो. अकरम. बांगडीवाला."

रान गप्प. मागे गाडी धडधडत होती.

"भिऊ नका जी. मीच आहो."

काही नाही. अरीबा रडायला लागली. निशातनं गाडीची किल्ली फिरवली. आवाज थांबला, आणि बराच वेळ फक्त अरीबाचंच रडणं ऐकू येत राहिलं. मग पानं बाजूला सारत एक हात बाहेर आला. मनगटभर हिरव्या बांगड्या, मधली एक पिवळी.

"धुरपताबाई?" अकरम म्हणाला.

हातामागून डोकं आलं. आधी तिनं रस्ता पाहिला, मग गाडी, शेवटी त्याला. "कोनाची गाडी घेऊन आले जी, भाऊ? मायी तं छाती फुटली असती." मग मागे वळून ती ओरडली, "या वं पोरीहो, आपला बांगडीवाला होय." मोळी डोक्यावर चढवताना ती पुटपुटली, "मेला."

निशातनं हिरवीची किल्ली गुणवंतरावांना परत दिली. लाल गाडीकडे पाहिलं आणि वाटेतले सगळे नाले तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभे राहिले. तरी तिनं लालचीच किल्ली त्यांच्या हातातून घेतली.

लाल गाडी पाचव्या किकेला बोलली. अकरम निघाला. पुढे बाया रस्ताभर पसरून चालल्या होत्या, मोळ्या डुलवत, पुन्हा बोलण्यात गुंग. त्यानं हॉर्न दिला. पुन्हा दिला.

एकीनंही वाट सोडली नाही.