उपकेंद्राची जागा

"पाचव्यांदा आली बघा ती पोरगी, उन्हातान्हाची. आज तरी काय ते बोलून टाका. मला न्हाई झेपत रोजचं हे."

आतल्या खोलीतला रमाबाईंचा आवाज दारात उभ्या अक्षताला बराबर ऐकू आला. तिनं चपला मुद्दाम आपटून काढल्या. आतली कुजबुज थांबली.

अक्षता हिवराळे. कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी, गावाच्या तोंडी तलाठी मॅडम. नोकरीला दीड वर्ष झालं होतं, कायम व्हायचं बाकी होतं. आष्टीपासून जवळच्या या गावात वामन गुरुजींचं ओढ्याकाठी तीन एकर रान होतं आणि ते वीज उपकेंद्रासाठी घेणार असल्याचं सरकारनं जाहीर केलं होतं. उपकेंद्र झालं तर शिवारातल्या मोटारी दिवसा चालणार होत्या. रात्री विंचवाकाट्यात पाणी द्यायला जायचं संपणार होतं. हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्या, नसेल तर संमतीवर सही करा, एवढीच गोष्ट. गुरुजी हरकत देईनात आणि सहीही करीनात.

आज तिसावा दिवस होता. संध्याकाळपर्यंत कागद आला नाही तर उपकेंद्र दुसऱ्या गावाला जाईल, असं साहेबांनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं. "आणि मॅडम, तुमचा अहवालही मलाच लिहायचाय," हे सांगायलाही ते विसरले नव्हते.

गुरुजी बाहेर आले. शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी खिशाला पेन होतंच. मागच्या चार खेपांत मात्र त्याचं टोपण एकदाही निघालं नव्हतं.

प्रश्न तेवढे निघाले होते.

चावडीवर नोटीस लागली त्या दिवशी जो तो आपला गट नंबर सापडतो का ते शोधत होता. गुरुजींचं बोट सरळ खाली गेलं होतं, नोटीस डकवल्याच्या तिच्या सहीवर. "हिवराळे? कुठले हिवराळे?" दुसऱ्या खेपेला त्यांनी वडिलांचं नाव विचारलं. "धम्मपाल," असं ती म्हणाली तेव्हा ते नुसतं "हां" म्हणाले आणि बराच वेळ ओट्यावरच्या मुंग्यांकडं बघत बसले. तिसऱ्या खेपेला मूळ गाव. "मंठा," तिनं सांगितलं. "त्याच्या आधी?" चौथ्या खेपेला घरात जुनं माणूस कोण उरलंय ते.

अक्षताला ही वाट पाठ होती. आडनावावरून निघते, गावावरून वळते आणि ठरलेल्या ठिकाणी जाऊन थांबते. कॉलेजात असताना खोली भाड्यानं देणाऱ्या बाईंनीही तिला याच वाटेनं नेलं होतं. त्या दोन मिनिटांत पोचल्या होत्या. गुरुजी शिकलेले, म्हणून त्यांना चार खेपा लागल्या.

रमाबाई चहा घेऊन आल्या. तिच्या हातात कप देऊन आत जायच्याऐवजी तिच्याजवळच टेकल्या. "घे पोरी. साखर जास्त घातलीय, उन्हातून आलीस."

तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून आवाज सगळ्या ओसरीला ऐकू येईल असाच लावलेला. पुण्याहून मुलगा बोलत होता, ऋषी.

"बाबा, मॅडम आल्यात ना? जल्दी सही करून मोकळे व्हा."

"ते तेवढं सोपं न्हाई रे."

"किती वेळा बोललो आपण? तुम्ही अजून तेच जुनं धरून बसून राह्यलात. जमाना कुठं गेला, बाबा!"

पोरगा तरी सुधारलाय, अक्षताला वाटलं. पुण्याचं पाणी. तिला त्या न पाहिलेल्या ऋषीबद्दल जरा बरंच वाटलं.

गुरुजींनी फोन बंद केला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

"मॅडम, तुमच्या आजोबांचं नाव काय होतं?"

अक्षतानं कप खाली ठेवला.

"तातेराव. आजी कांताबाई, ती अजून आहे. आम्ही बौद्ध आहोत, गुरुजी. एवढंच विचारायचं होतं तर पहिल्याच दिवशी विचारायचं, मी सांगितलं असतं. माझ्या हातचा कागद जड जात असेल तर दुसऱ्या कुणाला पाठवते. पण सही करा. अख्ख्या शिवाराचा सवाल आहे."

आवाज चढला होता. तिचं तिलाच कळलं, पण तिनं तो खाली आणला नाही.

गुरुजी रागावले नाहीत. "जड जातंय खरं," एवढंच म्हणाले. मग त्यांनी कागद मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं. 'जमीनधारकाची सही' असं छापलं होतं तिथं टोक नेलं आणि तिथंच थांबले.

"बाहत्तरच्या दुष्काळात या गावातून गेल्ते ते. तातेराव. खडी फोडायला. कांताबाईंच्या कडेवर लेकरू होतं."

"तुम्हाला काय माहीत?" अक्षता म्हणाली. ते लेकरू म्हणजे तिची थोरली आत्या.

गुरुजींनी बायकोकडं बघितलं.

रमाबाई उठल्या. नवऱ्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं. मग अक्षताकडं वळल्या.

"ते रान तुझ्या आजोबांनी माझ्या सासऱ्यांकडं राखायला दिल्तं, पोरी. विकलं नव्हतं."