एकाच विद्यार्थ्याचा वर्ग

“सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही,” प्रवेशाच्या रांगेतला म्हातारा पुढच्या मुलीला म्हणाला. रांग हलली, तसं त्यानं पायाशी असलेलं रिबिनीचं चपटं खोकं बुटानं पुढे सरकवलं.

“नातवासाठी उभे आहात का, आजोबा?”

“तसंच समज. तू काय घेणार?”

“बाबा म्हणतात कॉमर्स. मला इतिहास आवडतो, पण घरी म्हणतात, मेलेल्यांच्या चौकशा करून पोट भरतं का?”

“हं. मग ऐकच. या कॉलेजात इतिहासाचे एक सर होते. पोरं त्यांना ‘पुरावे’ म्हणायची. कोणी काहीही बोललं की यांचं ठरलेलं, पुरावा काय? ते निवृत्त झाले. दणक्यात सत्कार! जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून सरांच्या नावानं शिष्यवृत्ती निधी उभा केला. दरवर्षी इतिहास घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला. सरांचे डोळे भरून आले. ते पुसायच्या आत प्राचार्य माइकवर म्हणतात, ‘सरांची जागा कोणी घेऊ शकत नाही, म्हणून ती आम्ही भरणारच नाही. विषयाला मुलं येत नाहीत. यंदापासून इतिहास विभाग बंद!’”

“भर सत्कारात?”

“भर सत्कारात! एका हातानं चणे दिले, दुसऱ्या हातानं दात पाडले!” म्हाताऱ्याचा आवाज असा चढला की पुढचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. “शिष्यवृत्ती इतिहासाच्या विद्यार्थ्याला, आणि इतिहासालाच टाळं! मग सरांचं नाव काय कुलपावर कोरायचं होतं? वर भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ. म्हणजे बसा घरी काटे बघत!”

“सर गप्प बसले?”

“ते कसले बसतात! विचारलं, ‘एक जरी विद्यार्थी आला तर?’ प्राचार्य हसले. म्हणाले, ‘एक आला तरी विभाग चालू ठेवीन, शब्द देतो.’ माइक चालू होता, बरं का. सगळ्या हॉलनं ऐकलं.”

रांग सरकली. खोकं सरकलं.

“दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतःच येऊन प्रवेशाच्या रांगेत उभे! पहिलं वर्ष, विषय इतिहास.”

मुलगी फिस्सकन हसली. “काहीही! प्रोफेसरला कोण प्रवेश देणार?”

“वयाची अट नव्हती. आणि एकदा घेतलेली पदवी पुन्हा घेऊ नये, असा नियम कुठाय? पुरावा काय? द्यावा लागला प्रवेश. आता विद्यार्थी आला म्हणजे शिक्षक हवा. जाहिरात दिली, तासिका तत्त्वावर. एवढ्याशा मानधनावर कोण येतंय? एकच जण आला.”

“तेच?”

“तेच! फळ्यापाशी उभं राहून हजेरी घ्यायचे आणि पळत बाकाशी जाऊन ‘हजर’ म्हणायचे. एकदा उशिरा आले म्हणून स्वतःला वर्गाबाहेर काढलं, तर आत शिकवायला कोणी उरेना. सहामाहीत स्वतःला नापास केलं. फेरतपासणी मागितली, तीही नाकारली, वशिला चालायचा नाही म्हणाले! वर्षभर वर्गात विद्यार्थी एकच, पण विभागाला कुलूप लागलं नाही. शिष्यवृत्ती प्राचार्यांच्या हातूनच घेतली. त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. ते घड्याळ आजही त्या वर्गात टिकटिकतंय.”

मुलगी आता हसत नव्हती. तिची नजर खाली गेली होती. बुटाच्या ठोकरांनी खोक्याचा कागद एका कोपऱ्यात फाटला होता आणि आत थांबलेला काटा दिसत होता.

“पुढचा!” खिडकीतून हाक आली.

“खोटं!” ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की कारकुनाच्या हातातला शिक्का तसाच वर राहिला. “वर्गात कुठलं टिकटिकतंय? घड्याळ तुमच्या पायाशी आहे, अजून सेलसुद्धा घातलेला नाही. सत्कार कालच झाला, आणि त्यानंतरचं काही म्हणजे काही झालेलं नाही, सर!”

म्हाताऱ्यानं खोकं बुटानं हळूच मागे ओढलं.

ती खिडकीत वाकली. “विषय इतिहास,” तिनं कारकुनाला सांगितलं आणि मागे वळली. “आणि वर्गात विद्यार्थी एकच होता म्हणालात ना? तेही खोटं!”