परवान्याशिवाय पोरगी नाही

"आधी पाण्याचा परवाना काढ, मग माझ्या मारेनला मागणी घाल," ऑर्विलनं मला ठणकावलं.

मोंटानातल्या आमच्या एवढ्याशा गावात नळाचं आणि गटाराचं, दोन्ही पाणी सांभाळायचा परवाना त्याच्या एकट्याकडेच. दुसरा परवानावाला असल्याशिवाय त्याला गाव सोडायची मुभा नव्हती.

क्लोरीनची गणितं घोकून घोकून मी तिसऱ्या खेपेला पास झालो, तेव्हा गडी चक्क रडला.

"बघ, बाबांचा किती जीव आहे तुझ्यावर!" मारेन म्हणाली.

लग्नाचा केक कापून आम्ही बाहेर येतो तर काय, मधुचंद्रासाठी सजवलेली आमची गाडी, मागे बांधलेले पत्र्याचे रिकामे डबे खडखडवत, सासू-सासऱ्यांना घेऊन निघालेली!

 

पाण्याच्या प्लांटच्या किल्ल्या माझ्याकडे भिरकावत ऑर्विल ओरडला, "जावईबापू, गाव सांभाळा! आमचा मधुचंद्र तीस वर्षं तुंबलाय!"